वेळापत्रक दर बुधवारी मोडतं? बिघाड नेमका कुठे आहे ते असं शोधा

रविवारी रात्री वहीत आखलेलं वेळापत्रक सोमवारी झकास चालतं, मंगळवारी ओढूनताणून चालवलं जातं आणि बुधवारी संध्याकाळी गुपचूप बंद पडतं. पुढच्या रविवारी नवी वही, नवे रंगीत पेन, आणि बुधवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हा प्रकार इतक्या घरांत इतका सारखा दिसतो की त्याचं खापर आळसावर फोडण्यात अर्थ नाही. आळशी माणूस वेळापत्रक करायला बसतच नाही.

वेळापत्रक मोडतं ते ठरलेल्या दोन-चार जागी. कोणाचं पहाटेच्या गजराला, कोणाचं प्रवासात, कोणाचं शिफ्ट बदलताना, तर कोणाचं एक दिवस चुकल्यावर. जागा सापडली की दुरुस्ती लहानशी असते. जागा न शोधता सगळं नव्याने आखलं तर तेच पुन्हा त्याच ठिकाणी अडतं. म्हणून खाली लक्षणांप्रमाणे लिहिलं आहे. आपलं लक्षण असेल तेवढंच वाचलं तरी चालेल, पहिला भाग मात्र कोणीही गाळू नये.

आधी सात दिवस फक्त नोंद

या आठवड्यात नवं काहीही आखायचं नाही. आहे तसं जगायचं आणि लिहायचं. शाळेची साधी १०० पानी वही पुरते. दिवसाला एक पान, पानावर तीन रकाने: किती वाजता, काय केलं, मध्ये काय आलं. दर पंधरा मिनिटांनी लिहायचा नाद करू नका, तो दुसऱ्याच दिवशी सुटतो. दिवसातून चार वेळा लिहा: सकाळच्या चहानंतर, दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळी घरात शिरल्यावर आणि झोपण्याआधी. रात्री एकदाच आठवून लिहिलं तर मधले दहा-वीस मिनिटांचे तुकडे गळतात, आणि आपल्याला शोधायचे असतात ते नेमके तेच.

आठवडा साधा निवडा. गणपती, नवरात्र, घरातलं लग्न, मुलांच्या परीक्षा असलेला आठवडा मोजमापाला चालत नाही. लिहिताना लाजूही नका. ‘मोबाइल, ४० मिनिटं’ असेल तिथे ‘आराम’ लिहिलं की नोंद वाया गेली.

सात दिवस झाले की एक बेरीज करा. समजा, नाशिकच्या पंचवटीत राहून अंबडच्या कारखान्यात जनरल शिफ्टला जाणारी व्यक्ती आहे. झोप साडेसात तास, नोकरी जेवणाच्या सुट्टीसकट नऊ, जाणं-येणं दीड, आंघोळ-स्वयंपाक-जेवण-भांडी-आवराआवर मिळून साडेतीन. झाले साडेएकवीस. उरले अडीच तास. या अडीच तासांतही दूध-भाजी आहे, फोन आहेत, शेजारचे ‘दोन मिनिटं’ म्हणून येणारे काका आहेत. म्हणून उरलेल्या वेळातला ६० टक्केच वेळ वाटायला काढावा. अडीच तासांचा दीड तास होतो. आता अशा व्यक्तीचं रविवारचं वेळापत्रक पाहा: व्यायाम एक तास, इंग्रजी एक तास, वाचन अर्धा तास, मुलांचा अभ्यास एक तास, घरगुती मसाल्यांच्या ऑर्डरी दीड तास. पाच तास! हे बुधवारपर्यंत चाललं हेच विशेष.

निम्म्या लोकांचा बिघाड या बेरजेतच सापडतो. पाचांतल्या दोन गोष्टी ठेवायच्या, बाकीच्या तीन पुढच्या दोन महिन्यांसाठी चक्क कागदावरून काढायच्या. ‘जमलं तर करू’ म्हणून खाली लिहून ठेवायच्या नाहीत. ती यादी रोज डोळ्यांसमोर राहते आणि केलेल्या कामाचंही समाधान मिळू देत नाही.

लक्षण: सकाळी अकरापर्यंतच सगळं मागे पडलेलं असतं

इथे दोष अंदाजाचा. माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमी धरतो आणि हे मोजून पाहिलेलं आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल ते विचारलं. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळं बिघडलं तर किती लागतील, यावर उत्तर आलं सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरूनही अंदाज तोकडाच पडला. कारण असं की अंदाज बांधताना आपण पुढच्या कामाच्या पायऱ्या मनात चढतो. मागच्या वेळी तेच काम किती लांबलं होतं, हे आठवतच नाही.

म्हणून अंदाज बांधू नका, मोजा. रोजच्या कामाची तीन दिवसांची वेळ वहीतून घ्या आणि तिन्हींतली सगळ्यात मोठी वेळापत्रकात लिहा. सरासरी नको. सरासरी धरली की साधारण निम्म्या दिवशी उशीर ठरलेलाच. जे काम कधी केलंच नाही, त्याला मनात आलेल्या वेळेच्या दुप्पट जागा द्या.

सकाळचं स्वयंपाकघर हे याचं उत्तम उदाहरण. ‘पोळी-भाजी आणि डबे, पाऊण तास’ असं लिहिलेलं असतं. वहीत एक तास वीस मिनिटं निघतात. पोळ्या लाटून भाजायला पाऊण तास बरोबर आहे, पण मेथीची जुडी निवडायला पंधरा मिनिटं गेली, कणीक भिजवून मुरायला ठेवण्यात दहा, आणि धाकट्याच्या डब्याचं झाकण शोधण्यात, ओटा पुसण्यात उरलेली. यावर उपाय लवकर उठणं नव्हे. पालेभाजी आदल्या रात्री निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायची, डबे झाकणासकट ओट्यावर मांडून झोपायचं, आणि मेथी-पालक सुट्टीच्या दिवसाच्या आसपास, भेंडी-कोबी-फ्लॉवर कामाच्या दिवशी अशी वाटणी करायची. एवढ्याने वीस-पंचवीस मिनिटं सुटतात, तीही झोपेतून न काढता.

प्रवासाचं मोजमाप दारापासून खुर्चीपर्यंत करा. गुगल मॅप गाडी चालण्याची वेळ सांगतो. लिफ्टची वाट, हेल्मेट, पार्किंगमधली आडवी लावलेली दुसऱ्याची स्कूटर, कंपनीच्या गेटवरचं पंचिंग त्यात नसतं. नाशिकरोडहून सातपूरला जाणाऱ्याला द्वारका चौकातली कोंडी चुकत नाही आणि इंदिरानगरच्या बोगद्यातून जाणाऱ्याला तिथली रांग. अशा जागी वीस मिनिटं उशिरा निघालं तर पोचायला वीस मिनिटं उशीर होतो असं नाही, कधी चाळीस होतो. एक आठवडा रोजच्या वेळी आणि एक आठवडा वीस मिनिटं आधी निघून दोन्ही आकडे शेजारी लिहा. बऱ्याच जणांना असं दिसतं की आधी निघाल्यावर वीसपैकी निदान दहा मिनिटं रस्त्यातच वाचतात. सिटीलिंकच्या शहर बसने जाणाऱ्यांनी थांब्यावरची वाटसुद्धा प्रवासात धरावी आणि एक बस चुकेल असं गृहीत धरूनच निघावं.

पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठणाऱ्यांचा हिशोब वेगळा. सातेक तास गाडीतच जातात. अशांनी कामाच्या दिवशी घरी काहीही आखू नये. जे करायचं ते गाडीत, आणि तेही मोबाइलच्या नेटवर्कवर न टेकलेलं असावं. कसारा घाटात बोगदे लागले की ऑनलाइन क्लास तुटतो आणि त्याबरोबर अभ्यासाचा मूडही. छापील पान किंवा आधी उतरवून ठेवलेला व्हिडिओ बरा.

लक्षण: पहाटे पाचचा गजर दोनच दिवस चालतो

पहिल्या दिवशी उत्साहावर उठणं होतं, दुसऱ्या दिवशी हट्टाने. तिसऱ्या दिवशी साचलेली झोप वसुलीला येते. गजर दीड तास आधी आला, पण रात्रीचे दिवे होते तेव्हाच बंद झाले, एवढाच हा बिघाड आहे. शरीराचं घड्याळही इथे आडवं येतं. बहुतेकांचं आतलं चक्र २४ तासांहून किंचित मोठं असतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं सोपं जातं आणि अलीकडे ओढणं अवघड.

उलटा हिशोब करा. पाचला उठायचं आणि साडेसात तास झोप हवी, तर साडेनऊला दिवे बंद. त्यासाठी जेवण आठला. त्यासाठी कुकर सव्वासातला. आता घरात मालिका साडेआठला सुरू होत असेल, जेवणं तिच्यासमोर नऊला बसत असतील, मुलगा क्लासहून पावणेनऊला येत असेल, तर पाचचा गजर ही एकट्याची बाब राहत नाही. घरातल्यांशी बोलल्याशिवाय तो लावूच नये. आठचं जेवण शक्य नसेल तर साडेसहाला उठण्यात कमीपणा काहीच नाही. पहाटे पाचचं इतकं स्तोम माजवलं गेलं आहे की सहा-साडेसहाला उठून नीट काम करणारी माणसंही उगाच खजील होतात.

जेवणाची वेळ जमत असेल तर गजर दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. साडेसहावरून पाचवर यायला सहा टप्पे, म्हणजे जवळपास तीन आठवडे लागतात. उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात गच्चीवर किंवा अंगणात उजेडात जा, कारण आतलं घड्याळ अलीकडे सरकतं ते सकाळच्या उजेडाने. आणि इथे ऋतू पाहा. नाशिकला जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, जूनमध्ये सहाच्या आधी. वर गारठा असा की निफाडकडचा पारा पेपरात छापून येतो. एक जानेवारीचा पहाटेचा संकल्प हा वर्षातल्या सगळ्यात अवघड आठवड्यात केलेला असतो. मार्चमध्ये सुरू करा, निम्मं काम सूर्य करतो.

शेवटचा चहा-कॉफी दुपारी चारपर्यंत. कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे सातच्या कॉफीतलं निम्मं रात्री बाराला अंगात असतं. सुट्टीच्या दिवशी तासाभरापेक्षा जास्त उशिरा उठू नका, नाहीतर सोमवार पुन्हा शून्यापासून.

लक्षण: शिफ्ट बदलली की सगळं कोलमडतं

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हाच बिघाड सगळ्यात जास्त, आणि वेळापत्रकाच्या कोणत्याही छापील नमुन्यात याचं उत्तर नसतं. ते नमुने रोज त्याच वेळी घरी येणाऱ्या माणसासाठी केलेले असतात. आठवड्याला पाळी बदलणाऱ्याने ‘संध्याकाळी सहाला अभ्यास’ असं लिहिलं की महिन्यातला बराच काळ ते खोटं ठरणारच.

इथे काम घड्याळाला बांधायचं नाही, प्रसंगाला बांधायचं. आणि प्रसंग असा निवडायचा जो तिन्ही पाळ्यांत येतो. झोपून उठल्यावरचा चहा हा सगळ्यांत भरवशाचा. समजा, रोज पाऊण तास एखाद्या परीक्षेचा अभ्यास करायचा आहे. पहिली पाळी सात ते साडेतीन: सव्वाचारला घरी, अर्ध्या तासाची डुलकी, चहा, आणि सव्वापाच ते सहा अभ्यास. दुसरी पाळी साडेतीन ते बारा: रात्री एकला झोप, आठ-साडेआठला उठणं, चहा, नऊ ते पावणेदहा अभ्यास. रात्रपाळी: पावणेआठला घरी, साडेआठ ते अडीच झोप, जेवण, चहा, साडेतीन ते सव्वाचार अभ्यास, आणि निघण्याआधी रात्री नऊ ते सव्वादहा दुसरी झोप. तीन वेगळ्या वेळा, पण नियम एकच: झोप, चहा, पुस्तक. कंपनीगणिक वेळा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतील, क्रम बदलत नाही.

द्राक्षबागायतदारांना हे समजावून सांगावं लागत नाही. दिंडोरी-निफाडकडे ऑक्टोबर छाटणी झाली की पुढची कामं तारखेने मोजली जात नाहीत, ‘छाटणीनंतरचा कितवा दिवस’ असं विचारलं जातं. शेजारच्या प्लॉटची छाटणी आठ दिवस उशिरा झाली तर त्याचं अख्खं कॅलेंडर आठ दिवस पुढे सरकतं, आणि कोणी त्याला वेळापत्रक मोडलं म्हणत नाही. पाळीवाल्याने स्वतःच्या दिवसाकडे तसंच पाहावं.

तीन पोस्टकार्डांएवढे पुठ्ठे कापा, प्रत्येकावर एका पाळीचा दिवस लिहा आणि पाळी बदलली की फ्रीजवरचा पुठ्ठा बदला. यातून एक फायदा असा होतो की ‘आज तो कधी मोकळा आहे’ हे घरातल्यांना विचारावं लागत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा झोपायच्या खोलीला जाड पडदा हवाच, आणि कुरिअरवाल्याला शेजारी पार्सल ठेवायला सांगून ठेवावं. पाळी बदलण्याच्या दिवशी काहीही आखू नका, तो दिवस झोपेला द्या. पाळ्या पहिली-दुसरी-रात्र अशा पुढे सरकत असतील तर एक दिवस पुरतो. उलट्या, म्हणजे रात्रीवरून दुसरी, दुसरीवरून पहिली अशा फिरत असतील तर दोन दिवस धरा.

आणखी एक स्थानिक गुंता. इथल्या बऱ्याच कंपन्यांची सुट्टी शनिवारी, मुलांची आणि नातेवाइकांची रविवारी. शनिवारी घर रिकामं असतं, रविवारी कामावर असताना घरी पाहुणे. मग एकट्याने करायचं काम शनिवारी सकाळी लावा. मुलांबरोबरचा वेळ रविवारी पाळीच्या आधी किंवा नंतर, पण पक्का लिहून. ‘शनिवारी बघू’ म्हटलेला मुलांचा वेळ कधीच येत नाही, कारण त्या दिवशी त्यांची शाळा किंवा क्लास असतो.

लक्षण: घरीच असूनही सलग अर्धा तास मिळत नाही

घरून काम करणारे आणि घर चालवणाऱ्या बायका, दोघांचंही हेच. घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की उठायचं, नळाला पाणी आलं की टाकी पाहायची, सिलिंडर, इस्त्रीवाले, सासूबाईंची औषधं. यातलं काहीच टाळता येत नाही, त्यामुळे ‘अकरा ते एक एकाग्रतेने काम’ असं लिहून स्वतःची फसवणूक करू नये.

वहीतला तिसरा रकाना इथे कामाला येतो. सात दिवसांचे व्यत्यय तासांप्रमाणे मोजा. ते दिवसभर सारखे पसरलेले नसतात. बहुतेक घरांत सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ अशी दोन दाट झुंबडं दिसतात आणि मध्ये एखादा विरळ पट्टा, बहुधा दुपारी दोन ते चारच्या आसपास. मग कामांचे दोन ढीग करा. मध्येच सोडून उठलं तरी बिघडत नाही अशी: घड्या, बिलं भरणं, फोन, फोटो चढवणं, डाळ-तांदूळ निवडणं. आणि सोडून उठलं की पुन्हा लय लागायला पंधरा मिनिटं जातात अशी: हिशोब, लिखाण, शिवणकामातलं बेतणं-कापणं, अभ्यास. दुसरा ढीग फक्त विरळ पट्ट्यात, पहिला कुठेही. दुपारच्या दोन तासांत व्हॉट्सअ‍ॅप आणि घड्या, आणि रात्री दहाला पेंगुळलेल्या डोळ्यांनी हिशोब, अशी उलटी वाटणी फार घरांत आढळते.

उठावंच लागलं तर उठण्याआधी पेन्सिलीने एक ओळ लिहा: पुढे काय करायचं होतं. ‘ऑगस्टची बिलं झाली, सप्टेंबरचं दुसरं’. परत येऊन बसल्यावर ही ओळ दहा मिनिटं वाचवते. घरातल्यांना ‘मला डिस्टर्ब करू नका’ असं मोघम सांगण्यापेक्षा ‘तीन वाजेपर्यंत दार लावलेलं असेल, तीनला चहा करते’ असं सांगितलेलं जास्त पाळलं जातं. त्यात शेवट दिसतो.

लक्षण: वेळ पाळली जाते, काम होत नाही

अभ्यासिकेत दहा तास बसणाऱ्या मुलांचं हे दुखणं. कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या बाजूला अशा अभ्यासिका भरपूर, सकाळी सातला जागा धरणारी मुलंही भरपूर. वेळापत्रकात लिहिलेलं असतं ‘६ ते ९ इतिहास’. ही कामाची नोंद नाही, खुर्चीची नोंद आहे. त्याऐवजी ‘पान ११२ ते १३०, मग मागच्या पेपरातले २५ प्रश्न, चुकलेले वेगळ्या वहीत’ असं लिहा. काम संपलं की उठायचं, नऊ वाजायची वाट पाहायची नाही. नऊला संपलं नसेल तर किती पानं राहिली ते लिहायचं. पाच-सहा दिवसांत आपला खरा वेग कळतो, म्हणजे तासाला आठ पानं की चौदा, आणि मग परीक्षेपर्यंतचा हिशोब पानांत करता येतो.

मोबाइल दुसऱ्या मजल्यावरच्या बॅगेत. उलटा ठेवलेला मोबाइल टेबलावरच असतो.

लक्षण: एक दिवस चुकला की सगळंच सुटतं

पाहुणे आले, ताप आला, मंगळवार गेला. बुधवारी मंगळवारचंही करायचं म्हणून दुप्पट काम मांडलं, ते झालं नाही, गुरुवारी तिप्पट. शुक्रवारी वही कपाटात. मोडलेल्या वेळापत्रकांत हा नमुना इतक्या वेळा दिसतो की यावर सरळ नियमच करावा: राहिलेलं काम पुढच्या दिवसावर चढवायचं नाही. मंगळवार गेला तो गेला. तारखेला बांधलेलं काम, म्हणजे वीजबिल, फॉर्म, फी, एवढंच अपवाद.

एक दिवस चुकल्याने सवय मोडते ही भीतीही निराधार. लंडनमधल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांच्या नव्या सवयी रोज नोंदवल्या. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ६६ निघाला, पण माणसामाणसांत अंतर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. आणि मधली एखादी खेप चुकल्याने फारसा फरक पडला नाही. तेव्हा २१ दिवसांत सवय लागते हे ऐकून बाविसाव्या दिवशी निराश होऊ नका.

प्रत्येक कामाचं एक अगदी लहान रूप आधीच लिहून ठेवा. ४५ मिनिटांच्या चालण्याचं लहान रूप १० मिनिटं सोसायटीत, अभ्यासाचं दोन पानं, हिशोबाचं फक्त पावत्या एका पाकिटात. वाईट दिवशी लहान रूप करायचं आणि खूण पूर्ण करायची, अर्धी नाही. सलग तीन दिवस लहान रूपावरच आले तर मूळ काम मोठं ठरलंय असं समजा आणि ते एक तृतीयांशाने कमी करा. नवी शपथ घेऊ नका.

सणासुदीचे आठवडे याच रीतीने काढायचे. गौरी-गणपती, दिवाळी, लग्नसराई यांना लहान रूपांचा पुठ्ठा फ्रीजवर लावायचा आणि तो कधी उतरवायचा ती तारीखही त्यावरच लिहायची. नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याची तर आत्ताच नोंद करून ठेवा. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. पंचवटी, जुनं नाशिक, त्र्यंबक रस्त्याकडे राहणाऱ्यांच्या प्रवासाचे आकडे पर्वणीच्या दिवसांत उपयोगाचे राहणार नाहीत. रामकुंडाच्या आसपास राहत असाल तर त्या दिवसांत घराबाहेरचं काहीही आखू नये, हेच खरं वेळापत्रक.

वही, अ‍ॅप की भिंत?

जे आधीपासून दिवसातून पाच वेळा नजरेस पडतं ते. महिन्याच्या गोष्टी, म्हणजे हप्ते, लसीकरण, गॅसचा नंबर, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशोब लिहिला जातो तिथेच. रोजचं कागदावर. अ‍ॅप वापरायचंच तर गजर दिवसाला तीनच ठेवा. नऊ गजर लावले की चौथ्या दिवसापासून बोट न पाहता ते बंद करतं.

आठवड्यातून एकदा वीस मिनिटं वही उघडा. कोणता वार, कोणती वेळ, कोणतं काम सगळ्यात जास्त चुकलं ते पाहा आणि फक्त एकच बदल करा. दोन बदल केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. ठराविक वारीच चुकत असेल तर त्या वाराकडे नीट पाहा. पंचवटीतल्या एखाद्या घरात बुधवारी संध्याकाळी हमखास बिनसत असेल, तर गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार, मग आठवड्याची भाजी निवडणं, धुणं आणि भरणं यात दोन तास जात असतात. ते लिहिलेले नसतात, इतकंच. बुधवारी ‘बाजार आणि भाजी, दोन तास’ लिहा आणि बाकी काही लावू नका.

एवढं करूनही चालत नसेल तर

दोन शक्यता राहतात. पहिली, कामच एका माणसाचं नाही. बेरीज करून उरलेला वेळ रोज अर्ध्या तासाच्या खाली येत असेल तर वेळापत्रकात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. वही घरातल्यांसमोर ठेवून कामं वाटून घ्यावी लागतात: संध्याकाळची भांडी कोण, मुलांना क्लासला सोडणं कोण, आजोबांचा दवाखाना कोण. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. सात दिवसांची लिहिलेली पानं समोर असली की बोलणं कामांवर राहतं, माणसांवर घसरत नाही.

दुसरी, शरीर. सात-साडेसात तास झोपूनही दुपारी डोळे मिटत असतील, जिना चढताना धाप लागत असेल, केस गळत असतील, वजन कारणाशिवाय वाढत असेल, तर डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. रात्री मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकून दचकून उठणं असेल तर तेही सांगा. हे सहसा शेजारी झोपणाऱ्यालाच माहीत असतं, म्हणून त्यांना बरोबर न्या. जाताना नोंदवहीची ती सात पानंही घ्या, झोपेच्या वेळा डॉक्टर विचारतातच.